‘डोळे झाकून उतरा’ म्हणालो होतो

सायकलीला तेलाचा ब्रेक असतो हे अजूनही कितीतरी लोकांना पटत नाही. दुकानात हवा भरायला आलेला माणूस स्टँडवर चढवलेल्या सायकलीकडे बघतो, माझ्या हातातली इंजेक्शनची पिचकारी बघतो, आणि मी सायकलीला सलाइन लावतोय का काय असं विचारतो. मी हो म्हणतो. ते अगदीच खोटं नाही.

जुन्या सायकलीला ब्रेक दाबला की लोखंडी दांडी किंवा तार ओढली जाते आणि रबराचे गुटके रिमला घासतात. नव्या डिस्कब्रेकच्या महागड्या सायकलींना तार नसते. हँडलवरच्या मुठीत तेलाची एवढीशी टाकी असते, तिथून एक बारीक नळी चाकापर्यंत जाते, आणि चाकाजवळच्या डबीत दोन छोटे दट्टे असतात. मूठ दाबली की तेल दट्ट्यांना ढकलतं, दट्टे पॅड ढकलतात, आणि पॅड चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. तेल दाबलं जात नाही म्हणून हे सगळं चालतं. पण नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला तरी पंचाईत होते, कारण हवा दाबली जाते. तुम्ही मूठ दाबता, बुडबुडा आक्रसतो, आणि चाक आपलं फिरतच राहतं. तो बुडबुडा बाहेर काढणं म्हणजे ब्लीडिंग. खालून पिचकारीनं नवं तेल चढवायचं, नळीला टिचक्या मारायच्या, आणि वरच्या टाकीतून बुडबुडे निघायचे थांबेपर्यंत जीव मुठीत धरून बघत बसायचं.

कराडजवळच्या मलकापूरचे एक आजोबा एकदा नातवाची सायकल जीपमध्ये घालून घेऊन आले होते. काल ब्रेक चांगला होता आणि आज मूठ लोण्यासारखी दबतीय, अशी त्यांची तक्रार. मी विचारलं, पंक्चर काढलं होतं का? काढलं होतं, आणि आपण सगळे काढतो तसंच, सायकल उलटी उभी करून. टाकीतली जराशी हवा उलट्या सायकलीत नळीत चढली होती. मी सायकल सरळ उभी ठेवली, मुठीकडची बाजू उंच केली, पंधरा-वीस वेळा मूठ दाबली, आणि ब्रेक परत आला. आजोबांनी पुढं गावभर सांगितलं की साताऱ्याच्या विलासनं चक्कर आलेल्या ब्रेकला शुद्धीवर आणलं. त्यानंतर मलकापुरातनं चार-पाच गिऱ्हाइकं तरी आली.

हे काम मला जमलं त्याला कारण सांगलीजवळचं कुपवाड. दुकान काढण्याआधी पंधरा वर्षं मी तिथल्या एका लहान कारखान्यात पत्रा दाबायच्या हायड्रॉलिक प्रेसवर फिटर होतो. सील, पिस्टन, तेल, दाब हे सगळं हाताला माहीत होतं, फक्त माप लहान झालं. तिथले आमचे फोरमन अण्णा जुने मुरलेले गृहस्थ होते. कुठलंही अनोळखी तेल हातात आलं की ते बोटावर पाण्याचा थेंब घेऊन त्यात मिसळून बघायचे. हा थेंब मी सायकलीच्या धंद्यातही आणला. त्याचं कारण असं की सायकलींच्या ब्रेकमध्ये दोन जातींची तेलं चालतात. एक साधं खनिज तेल, ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. दुसरं मोटारीच्या ब्रेकमध्ये असतं तसलं, ते पाण्यात साखरेसारखं विरघळतं. एका ब्रेकमध्ये दुसऱ्याचं तेल घातलं की आतली रबरी सीलं फुगतात आणि नासतात. लगेच काही कळत नाही. मूठ घट्ट लागते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

तो शनिवार मी विसरलेलो नाही. निवृत्त सुभेदार कदम यांचा एक सायकलगट साताऱ्यात आहे. सुभेदार ऊसशेतीच्या घरातले, पलटणीत चोवीस वर्षं काढून आलेले. दर रविवारी दहा-बारा जणांना घेऊन ते कुठला ना कुठला घाट चढतात. माझ्या दुकानाचं निम्मं काम त्यांच्या शब्दावर येतं. दुसऱ्या दिवशी वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायचं आणि तसंच परत उतरायचं ठरलं होतं, म्हणून शनिवारी माझ्याकडे सहा सायकली ब्रेक बघायला आल्या होत्या. पाच ओळखीच्या होत्या. सहावी मगदूम मॅडमची.

मॅडम सांगलीच्या. गणित शिकवून वर्षापूर्वी निवृत्त झालेल्या, बारीक, ताठ, नीटनेटक्या. मुलगा परदेशी गेला तेव्हा त्याची सायकल घरी राहिली आणि ती गंजायला नको म्हणून त्या चालवायला लागल्या. सांगली सगळी सपाट. साताऱ्यात त्यांची बहीण राहते, तिच्याकडे येऊन-जाऊन त्या सुभेदारांच्या गटात आल्या. हा त्यांचा पहिला घाट. समोरच्या ब्रेकची मूठ थोडी मऊ लागत होती, म्हणून दोन्ही ब्रेकचं तेल बदलून घ्यायला सायकल सोडायला आल्या आणि जाताना उंबऱ्यात थांबल्या. म्हणाल्या, चढायची भीती नाही, थकले तर उतरून चालेन. उतरायची वाटते. सांगलीच्या पुलाच्या उताराला त्यांनी महिनाभर ब्रेक दाबायची सवय केली होती, पण पूल म्हणजे घाट नव्हे हे त्यांनाही कळत होतं.

आणि मी त्यांना म्हणालो, “मॅडम, ब्रेक माझ्या हातचे आहेत. डोळे झाकून उतरा.”

त्या सायकलीच्या मुठीवरची अक्षरं झिजून गेली होती. जुनं तेल काळं पडलेलं, रंगावरून काही समजेना. त्याच कंपनीच्या त्याच रूपाच्या डझनभर सायकली मी केल्या होत्या आणि सगळ्यांत खनिज तेल होतं. दुपार झाली होती, बाहेर माणसं उभी होती. मी थेंब बघितला नाही. पिचकारी भरली, बुडबुडे काढले, पॅड बसवले. मूठ दगडासारखी लागली. मला आठवतंय, मी ती दोन वेळा उगीचच दाबली होती, कौतुकानं.

रविवारी सकाळी दुकान बंद असतं, पण आमचं घर मागेच असल्यामुळं मी आवरायला जातो. जुनं तेल काढायच्या वाट्या पिंपात ओतून धुवायला घेतल्या. एका वाटीत तळाशी काळं तेल होतं, त्यात नळाचं पाणी पडलं. तेल वर यायला हवं होतं. आलं नाही. चहासारखं एकसारखं तांबूस पाणी झालं.

मी बराच वेळ त्या वाटीकडे बघत राहिलो. मग दुसऱ्या वाटीत पाणी टाकलं. तिथं तेल वर तरंगलं. ती पाच सायकलींपैकी एकीची होती. काळ्या तेलाची वाटी एकच होती, आणि ती कुणाची हे मला पक्कं माहीत होतं. सायकल आली तेव्हाच तिच्या ब्रेकमध्ये दुसऱ्या जातीचं तेल होतं. मुलानं बहुतेक मूळ ब्रेक काढून वेगळा संच बसवला असावा. मी त्यात खनिज तेल भरून बाईंना घाटात पाठवलं होतं. तेही फक्त पुढं नाही, मागच्या ब्रेकमध्येही.

घड्याळात पावणेआठ झाले होते. सकाळी सायकली टेम्पोत घालून गट वाईला गेला होता, म्हणजे एव्हाना चढ लागला असणार. मी मॅडमना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सुभेदारांना लावला, तोही तसाच. सायकल चालवताना सगळ्यांनी फोन पिशवीत ठेवायचे ही त्यांची शिस्त. मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो. एकदा मॅडमना, एकदा सुभेदारांना. हिशेब करत होतो, तेल भरून सतरा तास झाले, सील किती फुगलं असेल, चढताना ब्रेक लागत नाही, साडेनऊच्या पुढं उतरायला लागतील.

आमची मंडळी, सुमन, दारात येऊन उभी राहिली. मी काय झालं ते सांगितलं. तिला तेलातलं काही कळत नाही, पण माझा चेहरा कळतो. “आवं, फोन कवापत्तर करत बसणार?” ती म्हणाली. “गाडी काढा आन् जावा की.”

मी मोटारसायकल काढली. हेल्मेट राहिलंच.

पोवई नाक्यावरून महामार्गाला लागेपर्यंत माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, पसरणीच्या घाटातलं एक वळण, उजवीकडे कठडा आणि खाली धोम धरणाचं पाणी. पण पाचवड फाट्याला वळलो आणि डोक्यात दुसरंच सुरू झालं. मी वाक्यं जुळवायला लागलो. जाऊन काय सांगायचं? सगळा गट तिथं असणार. सुभेदार असणार. विलासनं चुकीचं तेल घातलं हे एकदा बाहेर पडलं की पुन्हा कोण सायकल देईल? काहीतरी लहान कारण सांगून सायकल ताब्यात घ्यावी, खाली आणावी, गुपचूप दुरुस्त करावी. एक नट सैल राहिल्याचा संशय आला म्हणावं. नट कुणाचाही सैल राहतो. हे मला वाईच्या पुलापर्यंत पटलं होतं. आज लिहिताना याचीच सर्वांत जास्त लाज वाटते. एक बाई माझ्यामुळं मरू शकते हे माहीत असताना मी निम्मा रस्ता माझ्या दुकानाचा विचार करत होतो.

पसरणी गाव गेलं आणि घाट सुरू झाला. वरून येणारी प्रत्येक सायकल मी बघत होतो. दोन कॉलेजची पोरं सुसाट गेली, आमची नव्हती. मग एक म्हातारा भाजीची पाटी बांधून उतरला. अर्ध्या घाटात एका वळणावर चार-पाच गाड्या आडव्यातिडव्या थांबलेल्या दिसल्या. माणसं कठड्याला टेकून खाली बघत होती. मला गाडी उभी करायचंही भान राहिलं नाही, ती तशीच कलंडली. मी धावत कठड्याशी गेलो आणि एकाला विचारलं, कोण पडलं? त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. खाली झाडावर माकडीण पिल्लू घेऊन बसली होती आणि हे लोक तिचे फोटो काढत होते. मी गाडी उचलली. आरसा फुटला होता. किक मारून वर निघालो.

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी गट दिसला. नाश्ता होऊन सगळे हेल्मेटचे पट्टे आवळत होते. मॅडम सायकल धरून उभ्या होत्या. त्यांना बघून मला रडू येईल असं वाटलं, आणि त्याच क्षणी मी तोंड उघडून खोटं बोललो.

सुभेदार म्हणाले, “विलासराव, तुमी हितं कसं काय?”

मी म्हणालो की मॅडमच्या ब्रेकचा एक नट सैल राहिल्यासारखा वाटला, सहज इकडे येत होतो, म्हटलं बघून घ्यावं.

“मग त्याला काय एवढं,” सुभेदार म्हणाले आणि कमरेच्या पिशवीतून पान्यांचा जुडगा काढून सायकलीपाशी बसले. “कंचा नट? दावा. म्या आवळतो.”

सगळा गट माझ्याकडे बघत होता. आता मी कुठलाही नट दाखवला असता तर त्यांनी तो आवळला असता आणि पाच मिनिटांत मॅडम उताराला लागल्या असत्या.

मी म्हणालो, “नट नाही सुभेदार. मी चुकीचं तेल घातलंय. दोन्ही ब्रेकमध्ये.”

मॅडमनीच विचारलं, वर्गात विचारावं तसं, की म्हणजे नेमकं काय होईल. मी सांगितलं. सील फुगतं. आधी दट्टा परत फिरत नाही, पॅड चकतीला घासत राहतात, चाक जड होतं. उतरताना त्याची आच वाढते. आणि मग सील दगा देतं, मूठ रिकामी जाते.

मॅडमनी सायकलीकडे बघितलं. “पुढचं चाक सकाळपासूनच जड जातंय,” त्या हळू म्हणाल्या. “मला वाटलं, माझे गुडघेच गेले.”

सुभेदारांनी पुढचं चाक उचलून हातानं फिरवलं. नीट असतं तर ते चांगलं पंधरा-वीस फेरे फिरलं असतं. ते अर्धा फेरा फिरून थांबलं. सगळ्यांच्या मागून, घामाघूम होऊन, वाटेत दोनदा थांबून मॅडम वर पोचल्या होत्या, आणि गटातल्या लोकांनी त्यांना वयाचा मान म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या बाई पसरणीचा घाट ब्रेक लागलेल्या सायकलीवर चढल्या होत्या.

सुभेदारांनी मग काल किती सायकली केल्या ते विचारलं. मी बाकीच्या पाच दाखवल्या. प्रत्येकीच्या मुठीवर तेलाची जात लिहिलेली होती, मी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली, चाकं फिरवून दाखवली. ठीक होत्या. तरी दोघांनी सायकली बाजूला घेतल्या आणि आम्ही भाड्याच्या जीपनं उतरतो म्हणाले. मी त्यांना काय म्हणणार? त्यांच्या जागी मीही जीपच बघितली असती. बाकीच्यांना घेऊन सुभेदार उतरले. जाताना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मॅडमसाठी मी जीप थांबवायला निघालो तर त्या नको म्हणाल्या. चढले आहे तर चालत का होईना पण उतरणार, असं त्यांचं म्हणणं. मग मोटारसायकल टपरीवाल्याच्या भरवशावर ठेवून मी सायकल हातात धरली आणि आम्ही दोघं घाट चालत उतरायला लागलो. दहा-बारा किलोमीटर. ऊन वाढत होतं. एसट्या घासून जात होत्या. पॅड चकतीला घासत असल्याचा बारीक आवाज तेवढा सोबतीला होता.

अर्ध्यापेक्षा जास्त उतरलो असू. एका तीव्र वळणावर सायकल माझ्या पुढं पळायला लागली म्हणून मी सवयीनं पुढची मूठ दाबली. ती सरळ हँडलला जाऊन टेकली आणि परत आली नाही. खाली डबीपाशी तेल पाझरत होतं, चकती ओली दिसत होती. मागची मूठ दाबून बघितली. ती अजून थोडी धरत होती, पण नरम झाली होती.

मॅडमनी हात पुढं केला. मुठीत बोट घालून ती बाहेर ओढली, पुन्हा दाबली, पुन्हा ओढली. उत्तर बरोबर आलंय ना, ते पडताळून बघावं तसं तीनदा केलं. मग जाऊन कठड्यावर बसल्या. त्या वळणावरून धोमचं पाणी दिसतं. त्या तिकडे बघत होत्या आणि मी चाकाकडे.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “वर आधी नटाचं का सांगितलंत?”

मी म्हणालो, “सगळ्यांसमोर लाज वाटली.”

“माझ्या वर्गातल्या मुलांचंही असंच असायचं,” त्या म्हणाल्या. “गणित चुकलं की आधी खोडरबर शोधायची.” पिशवीतून बाटली काढून त्या पाणी प्यायल्या आणि उरलेलं त्यांनी माझ्यापुढं केलं.

वाईला पोचेपर्यंत एक वाजून गेला होता. त्यांची बहीण न्यायला आली होती. मी एसटीनं पुन्हा वर जाऊन माझी गाडी आणली.

त्या ब्रेकमधलं एकही रबर पुन्हा वापरण्यासारखं उरलं नव्हतं. धुऊन, पुसून, नवं तेल भरून भागत नाही, कारण फुगलेलं सील बाहेरून शहाणं दिसतं. मूठ, नळी, डबी, सगळं नवं मागवून बसवलं. तीन आठवडे गेले. बसवताना मॅडमना समोर स्टुलावर बसवलं आणि तेलाची बाटली उघडायच्या आधी पाण्याचा थेंब त्यांच्याच हातानं टाकायला लावला. पाचगणीला त्या परत जाऊन आल्या. जीपनं उतरलेले ते दोघे मात्र पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. आता पुण्याला सायकली पाठवतात असं ऐकतो. त्यांचा मला राग नाही. आता मी कुणालाही डोळे झाकून जा म्हणत नाही. उलट दाराबाहेर पडायच्या आधी मूठ स्वतः दाबून बघा, चाक फिरवून बघा, असं म्हणून त्यांना वैताग आणतो.

पण रविवार सकाळचं भय गेलं नाही. गट कुठल्या तरी घाटात असतो आणि मी दुकानात काहीतरी पुसत असतो. एकेक सायकल आठवतो. तेल बघितलं का, पॅडची पिन बसली का, चकतीला तेलकट बोट लागलं का. हात कामात असतात, पण कान रस्त्यावर असतात. सुमन चहा ठेवून जाते, तो तसाच गार होतो.

त्या प्रसंगानंतर महिनाभर सुभेदार दुकानाकडे फिरकले नव्हते. गटातली माणसं यायची, ते यायचे नाहीत. एका शनिवारी स्वतःची सायकल घेऊन आले, स्टँडवर चढवली, काम होईपर्यंत बसून राहिले आणि हवापाण्याचं बोलून गेले. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला माझा फोन वाजला. त्यांचं नाव दिसलं तसं हातातलं फडकं टाकून उचलला. पलीकडून म्हणाले, “विलासराव, समदी खाली आली.” आणि ठेवून दिला.

तेव्हापासून दर रविवारी फोन करतात. मी कधी मागितलेला नाही, त्यांनीही कधी कारण सांगितलेलं नाही. तेवढेच तीन शब्द. मग मी गार झालेला चहा पिऊन टाकतो.